पाऊस तेवढाच, मग पाणी गेलं कुठं?

आमची विहीर सात परस खोल. परस म्हणजे पुरुषभर उंची, धरा सहा फूट. गाव बीड जिल्ह्यात, बालाघाट डोंगररांगेच्या माथ्यावर. माझे चुलते, नाना, दरवर्षी दसरा झाला की दगड बांधलेली दोरी विहिरीत सोडतात. वर ओढून तिचा भिजलेला भाग मोजतात आणि त्यावर रब्बी ठरवतात. चार परस दोरी भिजली तर गहू, तीन असली तर हरभरा, त्याखाली असली तर ज्वारी पेरायची आणि विहिरीतलं पाणी जनावरांना आणि घराला राखायचं.

अलीकडे त्यांचं गणित चुकायला लागलंय. पेपरात येतं, जिल्ह्यात सरासरीइतका पाऊस झाला. दोरी मात्र अडीच परसच भिजलेली, वर कोरडी. मी एकदा म्हटलं, "नाना, औंदा पाऊस तर बरा झाला म्हणं." ते दोरी गुंडाळत म्हणाले, "झाला रे, पण मुरला कुठं?"

हवामान बदलामुळे आपल्या शेतीचं आणि पाण्याचं काय होतंय, ते या एका प्रश्नात आलं. आकाशातून पडतो तो पाऊस. जमिनीत मुरतं, विहिरीत उतरतं, पिकाच्या मुळाशी थांबतं ते पाणी. या दोघांमधलं अंतर वाढत चाललंय. ते का वाढतंय, हे जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगतो.

वरचा रांजण मोठा झाला

समुद्रावरची हवा म्हणजे एक रांजण आहे असं समजा. समुद्राचं पाणी उन्हाने तापतं, वाफ होऊन या रांजणात साठतं. रांजण भरला की सांडतो, तो आपला पाऊस. आता यात एकच गोष्ट लक्षात ठेवायची. हवा एक अंश सेल्सियसने तापली की तिची वाफ धरून ठेवायची ताकद सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. हा कुणाचा अंदाज नाही, पदार्थविज्ञानातला जुना आणि पक्का नियम आहे. मे महिन्यात दोरीवरचं धोतर तासाभरात वाळतं आणि पौषात दुपारपर्यंत ओलसर राहतं, त्याच्या मागेही हाच नियम.

म्हणजे तापलेल्या हवेचा रांजण मोठा होतो. मोठ्या रांजणाला भरायला वेळ लागतो, म्हणून दोन पावसांमधला खंड लांबतो. आणि भरून एकदा कलंडला की सांडतंही जास्त.

भारताचं सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशाने वाढलं. आपल्याला वाफ पुरवणाऱ्या हिंदी महासागराच्या उष्ण पट्ट्यात पाण्याचा पृष्ठभाग १९५१ ते २०१५ या काळात सुमारे १ अंशाने तापला. याच काळात देशातला पावसाळ्यातला एकूण पाऊस साधारण ६ टक्क्यांनी घटला. घट झाली, पण भयंकर म्हणावी अशी नाही. भयंकर आहे तो दुसरा आकडा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडलं, की महाराष्ट्र धरून मध्य भारताच्या मोठ्या पट्ट्यात, दिवसभरात १५० मिलिमीटरहून जास्त कोसळणाऱ्या आणि दूरवर पसरणाऱ्या पावसाच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिप्पट झाल्या. अरबी समुद्र तापल्यामुळे तिकडून येणारी वाफ उसळ्या मारत येते, हे त्यांनी दिलेलं कारण.

एकूण पाऊस थोडा कमी आणि कोसळण्याच्या घटना तिप्पट, तर मधलं काय गेलं? भिज पाऊस गेला. झड गेली. पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस, अशी ज्यांना माणसांसारखी नावं होती, तो सावकाश, रात्रंदिवस रिपरिपणारा पाऊस विरळ होत गेला. शेती आणि विहिरी ज्याच्या जिवावर होत्या तोच हा पाऊस.

खालचं मडकं तेवढंच राहिलं

आता जमिनीकडे या. थोडा हिशेब करू, कंटाळू नका.

एका एकरावर १ मिमी पाऊस पडला की साधारण चार हजार लिटर पाणी होतं. १०० मिमी पडला की चार लाख लिटर, म्हणजे बारा हजार लिटरचे जवळपास चौतीस टँकर, एका एकरात. हेच १०० मिमी दहा-बारा दिवसांत झिरमिर पडले तर काळी जमीन ते जवळजवळ सगळं पिते. तीन तासांत पडले तर नाही पीत, कारण काळ्या मातीची तहान मोठी असली तरी घोट लहान आहे. कोरडी असते तेव्हा तिला हात जाईल एवढ्या भेगा असतात आणि पहिलं पाणी त्यातून सरसर आत जातं. पण भिजली की ती फुगते आणि भेगा मिटतात. मग तिच्यात तासाला मोजके काही मिलिमीटरच पाणी शिरतं. बाकीचं वरून धावतं आणि जाताना वरचा सुपीक थर घेऊन जातं. ओढ्याला आलेलं ते तांबडं-काळं पाणी म्हणजे कुणाचं तरी शेत असतं.

मातीच्या खाली मुरूम, मुरुमाखाली खडक. हा आपला खडक बेसॉल्ट आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक थर. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग यावर बसलाय. पंजाबात खाली शेकडो फूट गाळ आणि वाळू आहे, ती स्पंजासारखं पाणी धरते. आपल्या खडकात पाणी राहतं ते फक्त भेगांत, सांध्यांत आणि वरच्या कुजलेल्या थरात. शंभर भाग खडकातून जेमतेम एक ते तीन भाग पाणी मिळतं.

थोडक्यात, आपल्या पायाखाली मोठा रांजण नाही, लहानसं मडकं आहे. लहान मडकं पुरवायचं असेल तर ते थोडं थोडं करत पुन्हा पुन्हा भरावं लागतं. जून ते ऑक्टोबर अधूनमधून भिज पाऊस होई, विहिरीतून उपसा होई, परत झरे फुटत. आता पाऊस दोन-चार दणक्यांत येतो. मडकं एका दणक्यात भरतं, वरचं सगळं वाहून जातं आणि पुढचे पंचवीस दिवस आभाळ कोरडं. वरचा रांजण मोठा झाला आणि खालचं मडकं होतं तेवढंच राहिलं. नानांची दोरी कोरडी राहते ती यामुळे.

मराठवाड्यात वर्षाला साधारण ७०० मिमी पाऊस पडतो. सह्याद्रीने पश्चिमेकडचे ढग अडवल्यावर जे उरतं ते आणि बंगालच्या उपसागरातून येणारे कमी दाबाचे पट्टे जे आणतात ते. एवढा पाऊस जगातल्या कितीतरी भरभराटीच्या शेतीप्रदेशांत पडत नाही. पण तो कसा पडतो यावर सगळं आहे.

वाफसा

मराठीत एक शब्द आहे, ज्याला पर्याय मला माहीत नाही. वाफसा. जमीन भिजून, जास्तीचं पाणी निथळून, मातीच्या कणांमध्ये पाणी आणि हवा दोन्ही सारख्या प्रमाणात असतात ती अवस्था. मूठभर माती दाबली तर लाडू होतो आणि खाली टाकला तर फुटतो. बी वाफशावर उगवतं, मूळ वाफशात पसरतं, औत वाफशावर चालतं. हवामान बदलाने शेतकऱ्याकडून नेमकं काय हिरावलं असं कुणी विचारलं तर मी सांगेन, वाफशाचे दिवस. आता जमीन एक तर चिबडलेली असते, नाही तर तडकलेली.

पिकावर याचा परिणाम बघायचा असेल तर सोयाबीन बघा. शंभर-एकशे दहा दिवसांचं पीक. पेरणीआधी ७५ ते १०० मिमी पाऊस होऊ द्या, असं कृषी विद्यापीठ दरवर्षी सांगतं आणि ते बरोबर आहे, पण मृगात पन्नास मिमीचा एक दणका बसला की शेजारी पेरतो, मग आपला हात थांबत नाही. पुढे वीस दिवस उघडीप पडली की मातीला पापुद्रा येतो, कोंब खालीच मुडपतो आणि दुबार पेरणी. बियाण्याची पिशवी दुसऱ्यांदा घ्यायची ती उधारीवर.

उगवलं तर पुढचा धोका फुलोऱ्यात. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला, सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पाऊस. आमच्या शेतात सोयाबीन कमरेला लागत होतं, हिरवंगार. सकाळी वाकून बघितलं की फांद्यांच्या बेचक्यात जांभळी फुलं आणि दुपारनंतर तीच फुलं खाली मातीत, वाळलेल्या लवंगांसारखी. झाड मेलं नाही. लांबून बघणाऱ्याला पीक जोरात वाटत होतं. काढणीला शेंगा हातात घेतल्या तेव्हा एकेका शेंगेत एकच दाणा, तोही ज्वारीएवढा.

आणि २०२५ च्या सप्टेंबरात याच मराठवाड्यात सीना, सिंदफणा, मांजरा सगळ्या नद्या पात्र सोडून शेतात शिरल्या. भरलेल्या शेंगांना झाडावरच मोड आले. नदीकाठच्या जमिनी अशा खरडून गेल्या की वर मुरूम आणि गोटे उरले. पीक गेलं तर पुढच्या वर्षी येतं. हातभर काळी माती तयार व्हायला हजारो वर्षं लागतात आणि तिचा पंचनामा कोणत्या रकान्यात करायचा?

एक गोष्ट इथे सांगून टाकतो, कारण ती मला फार खुपते. चोवीस तासांत ६५ मिमीहून जास्त पाऊस झाला की सरकारदरबारी अतिवृष्टी. पण तो मोजतात महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकावर आणि एका मंडळात बरीच गावं असतात. आताचा ढग एका शिवारावर फुटतो आणि दोन मैलांवर धुरळा उडत असतो. कोसळणारा पाऊस असा तुकड्या-तुकड्यांत पडत असताना सरासरीवर भरपाई ठरवणं म्हणजे एकाचं बुडालेलं दुसऱ्याच्या कोरड्यात मिसळून दोघांनाही बरं ठरवणं.

रात्रीही तापल्या आहेत. झाड दिवसा उन्हात अन्न कमावतं आणि रात्री श्वासोच्छ्वासात त्यातलं थोडं खर्च करतं. रात्र उबदार असली की खर्च वाढतो, दाण्यात भरायला उरतं कमी. हरभरा आणि गहू थंडीवर पोसतात. २०२२ चा मार्च देशात १९०१ पासूनचा सगळ्यात उष्ण मार्च ठरला, उत्तरेतला गहू दाणे भरायच्या वेळीच भाजला आणि मे महिन्यात सरकारला गव्हाची निर्यात थांबवावी लागली. आपल्याकडे थंडी मुळातच थोडी, तीही आता उशिरा येऊन लवकर जाते.

आपला वाटा

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, सगळा दोष हवेचा. तसं नाही आणि तसं म्हणणं अप्रामाणिक ठरेल. दुष्काळ आपल्याला नवे नाहीत. १९७२ चा दुष्काळ आजही आजी-आजोबांच्या तोंडी आहे, त्यातूनच रोजगार हमी उभी राहिली. पण त्या दुष्काळात अन्नाची ददात होती, विहिरींना बऱ्याच ठिकाणी पाणी होतं. २०१६ मध्ये धान्य होतं आणि पाणी नव्हतं. त्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं. पहिली गाडी पाच लाख लिटरची, पुढे पन्नास वाघिणींची गाडी पंचवीस लाख लिटर आणू लागली. मघाचा हिशेब लावा. पंचवीस लाख लिटर म्हणजे सहा एकरांवर पडलेला १०० मिमी पाऊस. एवढ्यासाठी साडेतीनशे किलोमीटरवरून रेल्वे.

या दोन दुष्काळांच्या मध्ये काय झालं? बोअर आले. विहिरीतलं पाणी वरच्या थरातलं, दरवर्षी पावसाने भरणारं. ते आटलं म्हणून आपण दोनशे फूट गेलो, मग पाचशे, मग आठशे. खालच्या भेगांत जे थोडं पाणी आहे ते मुरायला कैक वर्षं लागलेली असतात. दोनशे फुटांखाली जायला राज्याच्या भूजल कायद्यात, अधिसूचित भागांत, बंदी आहे. पण बोअरच्या गाड्यांना रात्र आणि दिवस सारखाच. आणि सगळ्यात आधी कोणती विहीर आटते? गावाची, पिण्याच्या पाण्याची. तिच्याभोवतीचे बोअर तिच्यापेक्षा खोल असतात म्हणून. मग टँकर, मग हंड्यांची रांग आणि रांगेत बाया आणि पोरी.

दुसरी गोष्ट ऊस. इथे पुन्हा आकडे मांडतो, कारण यावर नुसती भांडणं होतात.

समजा एका गावाचं शिवार हजार हेक्टर आणि वर्षभरात पाऊस ५०० मिमी. एकूण पडलं ५०० कोटी लिटर. बेसॉल्टमध्ये त्यातलं साधारण दहा टक्के खोल मुरतं, म्हणजे ५० कोटी लिटर. दोन हजार वस्तीला माणशी रोज ५५ लिटरने वर्षाला लागतं चार कोटी लिटर. उरले ४६ कोटी. एक हेक्टर ऊस पावसाव्यतिरिक्त विहीर-बोअरचं साधारण दीड कोटी लिटर पाणी पितो. म्हणजे तीस हेक्टर उसाने, हजार हेक्टरच्या शिवारातल्या फक्त पाऊणशे एकरांनी, सगळं गाव कोरडं. तेवढ्याच पाण्यात एका हेक्टर उसाच्या जागी आठ-दहा हेक्टर हरभरा निघतो.

ऊस लावणाऱ्याला मी दोष देत नाही. त्याला ठरलेला भाव मिळतो, कारखाना उचल करतो, गारपिटीत तो तग धरतो. हरभऱ्याला यातलं काय आहे? ठिबक केलं की पाणी वाचतं हे खरं, पण वाचलेल्या पाण्यावर माणूस आणखी दोन एकर ऊस लावतो. पिकाचा भाव आणि पाण्याचा हिशेब वेगवेगळ्या वह्यांत आहेत, तोवर हे असंच चालणार.

ज्याने फरक पडलेला दिसतो

मोठी धरणं हा यावरचा पुरेसा उपाय नाही, कारण माथ्यावरच्या आमच्यासारख्या गावांना ती खालच्या अंगाला आहेत. शेततळ्यांचंही तसंच. पावसाचं वाहतं पाणी अडवलं तर शेततळं सोन्यासारखं. पण प्लास्टिक अंथरून, बोअरचं पाणी उपसून त्यात भरलं तर जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी आपण उन्हात आणून ठेवतो. एप्रिल-मे मध्ये उघड्या तळ्यातून रोज एक सेंटिमीटरच्या आसपास पाणी उडून जातं.

कोसळणाऱ्या पावसाला हळू करणं, हा खरा मार्ग. डोंगराच्या माथ्यापासून सुरुवात करायची. उतारावर समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले चर, मग बांध, मग खाली ओढ्यात बंधारे. क्रम उलटा केला की बंधारा दोन पावसांत गाळाने भरतो. जालना जिल्ह्यातल्या कडवंचीने १९९० च्या दशकात हे काम नीट केलं आणि पुढे तिथे द्राक्षं आली. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने त्याच्या पुढची अवघड पायरी गाठली. तिथे पाऊस ४०० मिमीच्या आसपास, आमच्याहून कमी. सरपंच पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने गावाने शेतीसाठी बोअर बंद केले, ऊस-केळीला नाही म्हटलं आणि दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. पाऊस कमी, तर रब्बीचं क्षेत्र कमी. चर खणायला यंत्र मिळतं, निधी मिळतो. "यंदा माझी पाळी नाही" असं ग्रामसभेत मान्य करायला मात्र शेजाऱ्यावर विश्वास लागतो, म्हणून कडवंचीसारखी कामं बरीच झाली आणि हिवरे बाजार थोडीच.

शेतातल्या शेतात करण्यासारखंही आहे. सोयाबीन रुंद वरंबा-सरीवर पेरलं की अतिवृष्टीचं पाणी सरीतून निघून जातं आणि खंड पडला की वरंबा ओल धरून राहतो. म्हणजे वाफशाचे चार दिवस आपण वाढवून घेतो. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी ठेवाव्यात. तुरीचं मूळ खोल जातं, ऑगस्टच्या खंडात ती तगते. बदनापूरच्या संशोधन केंद्राचं बीडीएन ७११ हे तुरीचं वाण लवकर निघतं, जमिनीतली ओल संपायच्या आत. काडीकचरा जाळू नये, तो मातीत गेला तर माती पाणी जास्त धरते. आणि रब्बी ज्वारी विसरू नये. मीटरभर खोल काळी जमीन दीड-दोनशे मिमी पाऊस पोटात साठवते आणि मालदांडी ज्वारी तेवढ्यावर, विहिरीचा थेंबही न घेता, थंडीत पोसते. वर कडबा देते. ज्वारी सोडून सोयाबीनच्या मागे लागल्यापासून दावणीला वैरण नाही आणि दुष्काळात बाजारात जनावरं कवडीमोलाने जातात.

गेल्या तीन पावसाळ्यांपासून मी बांधावर पर्जन्यमापक लावलाय आणि रोज सकाळी साडेआठला वहीत आकडा लिहितो. मोजमापाचं प्लास्टिकचं साधं भांडं, कृषी सेवा केंद्रात मिळतं. शेजारी दुसरा रकाना ठेवलाय, त्या दिवशी ओढ्याला पाणी आलं का. वीस मिमी पडून ओढा कोरडा, म्हणजे सगळं मुरलं. सत्तर मिमी पडून ओढा दुथडी, म्हणजे गेलं. नानांना आधी ते पोरखेळ वाटायचं. गेल्या दसऱ्याला दोरी काढायच्या आधी त्यांनी वही मागितली, ओढा कोरडा राहिलेल्या दिवसांचा पाऊस तेवढा बेरीज करायला लावला आणि विहिरीवर न जाताच म्हणाले, "पावणेतीन." दोरी भिजली ती पावणेतीनला चार बोटं कमी. गहू केला नाही.